विश्लेषण : दाखल्यावर वय ४५, रक्तात ५२? डीएनएवरून जैविक वय कसे मोजतात? त्या आकड्यावर किती विसंबावे?

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटालगतची, पावसाच्या भरवशावर भात पिकवणारी गावे. समजा, या दोन टोकांना दोन माणसे आहेत. दोघांच्याही आधार कार्डावर वय ४५. एकाचा दिवस संगणकासमोर आणि रात्र परदेशी कॉलवर जाते. दुसऱ्याचा दिवस चिखलणी, लावणी आणि गुरांमागे. यांपैकी कोणाचे शरीर अधिक म्हातारे?

लाळ किंवा रक्ताच्या काही थेंबांवरून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या आता घरपोच मिळू लागल्या आहेत. ‘वय ४५, जैविक वय ३८’ असे अहवाल समाजमाध्यमांवर झळकतात. या चाचण्यांमागचे विज्ञान खरे आहे. पण अहवालातला आकडा दिसतो तितका नेमका असतो का? आणि तो मुळशीतल्या माणसाला जसाच्या तसा लागू होतो का?

जैविक वय म्हणजे नेमके काय?

ग्रामीण भागातल्या जुन्या पिढीला वय विचारले, की आकड्याऐवजी प्रसंग ऐकायला मिळे. ‘पानशेत फुटलं तेव्हा मी पाळण्यात होतो’, ‘कोयनेच्या भूकंपाच्या साली लग्न झालं’, ‘थोरला दुष्काळातला’. पानशेत धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा आणि मोठा दुष्काळ १९७२चा. त्यावरून हिशेब करून वय काढता येते. हे झाले कालक्रमानुसार वय. जन्मापासून किती वर्षे उलटली, एवढेच ते सांगते.

शरीर किती झिजले, हा वेगळा प्रश्न आहे. पासष्टीची एखादी आजी गवताचा भारा घेऊन चढ चढते, तर चाळिशीतल्या तिच्या मुलाला जिना चढताना धाप लागते. मूत्रपिंड, फुप्फुसे, रक्तवाहिन्या, स्नायू आणि रोगप्रतिकारशक्ती यांची स्थिती सर्वसाधारणपणे कोणत्या वयाच्या माणसासारखी आहे, याचा अंदाज म्हणजे जैविक वय. डॉक्टर हा अंदाज पूर्वीपासून बांधत आले आहेत. तो डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून आकड्यात मांडण्याचा प्रयत्न मात्र गेल्या दीड दशकातला आहे.

डीएनएवर कोणता रासायनिक बदल होतो?

आपल्या बहुतेक पेशींत डीएनए सारखाच असतो. तरीही डोळ्याची पेशी डोळ्याचे काम करते आणि यकृताची यकृताचे. याचे कारण म्हणजे प्रत्येक पेशीत सगळी जनुके एकाच वेळी चालू नसतात.

घरातल्या मोठ्या स्विचबोर्डाची कल्पना करा. वायरिंग तेच, पण काही बटणांवर ‘दाबू नये’ म्हणून चिकटपट्टी लावलेली. डीएनएवरची अशी चिकटपट्टी म्हणजे मिथाइल गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा हा छोटा तुकडा डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ म्हणजे सायटोसिन या अक्षराला चिकटतो. बहुतेक वेळा ज्या ‘सी’पुढे लगेच ‘जी’ हे अक्षर येते, तिथे हे घडते. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २.८ कोटी जागा आहेत. या प्रक्रियेला मिथायलेशन म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात अशा पट्ट्या दाट असल्या, की ते जनुक बहुधा गप्प राहते.

यात डीएनएची अक्षरे बदलत नाहीत, त्यांच्यावरच्या खुणा बदलतात. अशा खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. या विषयाचे विशेष केंद्र पुण्यातही, पाषाणच्या ‘आयसर’ संस्थेत उभे राहिले.

खुणा वयाबरोबर बदलतात हे कसे कळले?

एक महत्त्वाचा धागा जुळ्यांकडून मिळाला. स्पेनमधील संशोधकांनी २००५ मध्ये ४० एकसारख्या जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान वयातल्या जुळ्यांच्या मिथाइल खुणा जवळपास सारख्या होत्या. वय वाढलेल्या, वेगवेगळे आयुष्य जगलेल्या जुळ्यांत मात्र मोठा फरक दिसला. डीएनए तोच, पण पट्ट्या वेगळ्या.

यातला काही बदल विस्कळीत असतो, तर काही ठिकाणचा बदल घड्याळासारखा नियमित. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेतील स्टीव्ह हॉरवाथ यांनी २०१३ मध्ये ५१ प्रकारच्या ऊती आणि पेशींचे सुमारे ८ हजार नमुने तपासले. त्यातून त्यांनी ३५३ जागा निवडल्या. त्यांपैकी १९३ ठिकाणी वयाबरोबर मिथायलेशन वाढते, तर १६० ठिकाणी घटते. या जागांवरून माणसाचे वय काढले, तर निम्म्या नमुन्यांत चूक ३.६ वर्षांच्या आत राहिली. रक्त असो वा मेंदूची ऊती, सूत्र एकच. भ्रूणाच्या मूळ पेशींचे वय या सूत्राने जवळपास शून्य दाखवले.

त्याच वर्षी ग्रेगरी हॅनम आणि सहकाऱ्यांनी १९ ते १०१ वर्षे वयाच्या ६५६ जणांच्या रक्तावरून ७१ जागांचे दुसरे घड्याळ तयार केले. ‘एपिजेनेटिक घड्याळ’ हा शब्द तेव्हापासून रुळला.

चाचणी कशी केली जाते?

नमुन्यातून डीएनए वेगळा काढून त्यावर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. ज्या ‘सी’वर मिथाइल पट्टी नाही, तो बदलून वाचताना ‘टी’ असा दिसतो. पट्टी असलेला ‘सी’ तसाच राहतो. मग काचेच्या छोट्या चिपवर किंवा डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर प्रत्येक जागी किती टक्के ‘सी’ शिल्लक आहेत, हे मोजले जाते. प्रचलित चिप एकाच वेळी साडेचार ते नऊ लाख जागा तपासते.

पुढचे काम संगणकाचे. प्रत्येक जागेला सूत्रात ठरावीक वजन असते. मोजलेली टक्केवारी त्या वजनाने गुणायची, बेरीज करायची आणि तिचे वर्षांत रूपांतर करायचे. हे वजन निसर्गाने दिलेले नाही. वय ठाऊक असलेल्या हजारो माणसांचे नमुने संगणकाला दाखवून ते ठरवलेले असते. म्हणूनच ती माणसे कोण होती, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

सगळी घड्याळे एकच गोष्ट मोजतात का?

नाही. पहिल्या पिढीतली घड्याळे जन्मतारखेच्या जवळ जाण्यासाठी बनली. पण जन्मतारीख तर दाखल्यावरही मिळते. त्यामुळे संशोधक आजार आणि मृत्यूचा धोका सांगणाऱ्या घड्याळांकडे वळले.

मॉर्गन लेव्हिन यांचे २०१८चे ‘फिनोएज’ हे घड्याळ रक्ताच्या नऊ तपासण्यांवर बेतलेले आहे. २०१९चे ‘ग्रिमएज’ रक्तातली काही प्रथिने आणि आयुष्यभरातल्या धूम्रपानाचा अंदाज मिथाइल खुणांवरून बांधते.

तिसरा प्रकार वय मोजत नाही, तर म्हातारपणाकडे जाण्याचा वेग मोजतो. गाडीने किती किलोमीटर कापले, हे सांगणारा आकडा वेगळा आणि ती आत्ता किती वेगाने धावते आहे, हे दाखवणारा काटा वेगळा. या वेगाच्या काट्याचे मूळ न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात आहे. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ बाळांचा आजवर पाठपुरावा सुरू आहे. वयाच्या २६, ३२, ३८ आणि ४५व्या वर्षी त्यांची हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड, हिरड्या, साखर अशी १९ मापे घेण्यात आली. सर्वांचे वय सारखे असूनही काहींचे शरीर वर्षाला फक्त ०.४० जैविक वर्षे पुढे सरकत होते, तर काहींचे २.४४ वर्षे. हा वेग एकाच रक्तनमुन्यावरून ओळखणारे १७३ जागांचे सूत्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुण्याच्या गावांचा या विषयाशी काय संबंध?

डनेडिनसारखाच संयमाचा एक अभ्यास पुणे जिल्ह्यातही सुरू आहे. तो मुळशीतला नाही, पण तिथली शेते आणि शेतात राबणाऱ्या बायका मुळशीकरांना अनोळखी वाटणार नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेच्या आधीपासून घेतली गेली आणि जन्मलेल्या मुलांचा पुढे पाठपुरावा झाला.

या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे लहानखुरी होती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त’ भारतीय बाळाची संकल्पना यातून जगापुढे आली. गरोदरपणात जास्त कष्टाची कामे करणाऱ्या मातांची बाळे आकाराने लहान होती. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी होती.

ही मुले १८ वर्षांची झाली, तेव्हाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतली ४८ टक्के मुले कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींमध्ये साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. साखर हा चाळिशीनंतरचा विकार मानला जातो. इथे अठराव्या वर्षी, किडकिडीत शरीरात त्याची चाहूल लागली होती. जन्मतारखेने तरुण असलेले शरीर एका बाबतीत आधीच पुढे निघून गेले होते. आईच्या पोटातली वाढ खुंटणे आणि लहानपणापासूनची उपाशीपोटीची जास्त साखर यांच्याशी या बिघाडाचा संबंध दिसला.

याचा मिथाइल खुणांशी संबंध कसा जोडला जातो?

डीएनएला चिकटणारा मिथाइल गट शरीरात एका रासायनिक साखळीतून तयार होतो. फोलेट आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे या साखळीचे महत्त्वाचे दुवे आहेत. फोलेट पालेभाज्या व डाळींतून मिळते. ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मासे आणि मांसातून मिळते.

पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते, तर फोलेटची कमतरता जवळपास कोणातच नव्हती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. किशोरवयीन मुलींना शासकीय योजनेत आठवड्याला मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड असते, ब-१२ नसते. त्यामुळे हा निष्कर्ष केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

पुढे हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ आणि पुण्याच्या केईएममधील संशोधकांनी ब-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदलतात, असे २०१८ मध्ये दाखवले. आधीच्या अभ्यासातली मुले-मुली किशोरवयात आल्यावर त्यांना पालक होण्याआधीच ब-१२ देण्याची ‘प्रिया’ नावाची चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली होती. पुढच्या पिढीची देखभाल तिच्या जन्माआधी सुरू करायची, हा तिचा हेतू.

गर्भातल्या उपासमारीची खूण किती टिकते, याचा दाखला नेदरलँड्समधून मिळतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात ज्यांच्या माता गर्भधारणेच्या सुमारास उपाशी होत्या, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर सहा दशकांनंतरही कमी मिथायलेशन आढळले.

एका व्यक्तीच्या अहवालावर भरवसा ठेवावा का?

हजारो लोकांच्या गटासाठी ही घड्याळे उपयोगी ठरली आहेत. ज्यांचे घड्याळ पुढे आहे, अशा गटात आजार आणि मृत्यूचे प्रमाण जास्त दिसते. एका माणसाच्या एका अहवालाचे गणित मात्र कच्चे आहे. त्याची चार कारणे.

पहिले, यंत्राची चूक. एकच नमुना दोनदा मोजला, तर काही प्रसिद्ध घड्याळांच्या उत्तरात ९ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असे २०२२ मधील एका अभ्यासात दिसले. ही चूक कमी करणारी सुधारित सूत्रे आली आहेत. विकत घेतलेल्या चाचणीत ती वापरली आहेत का, हे विचारावे लागते.

दुसरे, शरीराची तात्कालिक अवस्था. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णांचे जैविक वय दुसऱ्या दिवशी वाढलेले आणि आठवडाभरात पुन्हा मूळ पदावर आलेले दिसले. गरोदरपणातही ते वाढते आणि बाळंतपणानंतर उतरते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण दिवसभरात बदलते, त्याचाही परिणाम आकड्यावर होतो.

तिसरे, घड्याळातले मतभेद. एकाच रक्तावर एक सूत्र ४१ सांगेल आणि दुसरे ४९. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ती वेगळ्या गोष्टी मोजतात.

चौथे कारण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, ते पुढच्या प्रश्नात.

ही घड्याळे भारतीयांसाठी लावलेली आहेत का?

बहुतेक सूत्रे मुख्यतः युरोपीय वंशाच्या, अमेरिका, युरोप आणि न्यूझीलंडमधील लोकांवर बेतलेली आहेत. दुसऱ्या लोकसमूहाला ती लावली, की चूक होण्याची शक्यता वाढते. कारण मिथाइल खुणांवर वंश, आहार, जंतुसंसर्ग, धूर आणि कष्ट या सर्वांची छाया असते.

असा धडा आपण एकदा शिकलो आहोत. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. बाहेरचा आकडा एकच, आतले शरीर वेगळे. पुढे भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ वरून २३ पर्यंत खाली आणण्यात आली.

जैविक वयाच्या घड्याळांबाबत हाच प्रश्न पुन्हा उभा आहे. तंबाखूचेच उदाहरण घ्या. धूर शरीरावर काय खूण सोडतो, हे ‘ग्रिमएज’ सिगारेट ओढणाऱ्यांवरून शिकले. आपल्या खेड्यापाड्यांत तंबाखू चुन्याबरोबर मळून तोंडात जातो आणि बायका मिश्रीने दात घासतात. चुलीचा धूर वेगळाच. सिगारेटवरून शिकलेल्या घड्याळाने या सवयींची नोंद कशी घ्यायची, हे इथल्या माणसांवर तपासूनच ठरवता येईल.

त्या दिशेने कामे सुरू आहेत. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने केलेल्या ‘लासी’ अभ्यासात देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेने निरोगी वार्धक्याचे भारतीय निकष शोधण्यासाठी ‘भारत’ नावाचा अभ्यास हाती घेतला आहे.

जैविक वय उलटे फिरवता येते का?

बाजारात सर्वाधिक विकले जाणारे आश्वासन हेच आहे. उपलब्ध पुरावा त्या मानाने फार साधा आहे. अमेरिकेत ‘कॅलरी’ नावाच्या चाचणीत लठ्ठ नसलेल्या २२० प्रौढांपैकी काहींना दोन वर्षे २५ टक्के कमी उष्मांक घ्यायला सांगितले. प्रत्यक्षात त्यांना सुमारे १२ टक्केच कपात जमली. २०२३ मधील विश्लेषणानुसार म्हातारपणाचा वेग मोजणाऱ्या सूत्रात २ ते ३ टक्के घट दिसली. ‘फिनोएज’ आणि ‘ग्रिमएज’मध्ये मात्र फरक पडला नाही. दोन वर्षांच्या काटेकोर आहाराचे हे फळ असेल, तर तीन महिन्यांत सात वर्षे कमी झाल्याच्या जाहिरातीकडे सावधपणे पाहायला हवे. सात वर्षांचा फरक यंत्राच्या चुकीतूनही येऊ शकतो.

शिवाय ४२ किलो वजनाच्या मातांच्या जिल्ह्यात ‘कमी खा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही. इथे अनेकांच्या बाबतीत प्रश्न कमी खाण्याचा नसून योग्य ते मिळण्याचा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. धूम्रपान करणाऱ्यांच्या डीएनएवर एका विशिष्ट जागी मिथायलेशन घटते. सिगारेट सोडल्यावर ते वर्षांगणिक बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ लागते.

वयाचा वाद न्यायालयात गेला, तर हे घड्याळ चालेल का?

आरोपी किंवा पीडित मूल अठरा वर्षांखालचे आहे का, हा प्रश्न न्यायालयापुढे वारंवार येतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला पाहिला जातो. तो नसेल, तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील, तरच अस्थी चाचणी किंवा वय ठरवणारी अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी. ‘अद्ययावत’ या शब्दामुळे डीएनए चाचणीला दार किलकिले आहे. परंतु तीन-साडेतीन वर्षांची सर्वसाधारण चूक सतरा आणि अठरा यांतला फरक सांगायला पुरेशी नाही. ज्याचे भवितव्य एका वर्षावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ग्रामपंचायतीतली जन्मनोंदच आजही अधिक भरवशाची.

चाचणी करायचीच असेल, तर काय विचारावे?

कोणते घड्याळ वापरले आहे? ते कोणत्या लोकांवर बेतले आहे, त्यात भारतीय किती? तोच नमुना पुन्हा मोजला, तर उत्तरात किती फरक पडतो? डीएनएची माहिती कुठे साठवली जाते, कोणाला दिली जाते आणि ती पुसून टाकता येते का? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर हजारो रुपये हातचे राखलेले बरे. अहवालासोबत गोळ्या आणि पावडरीचे पाकीटही सुचवले जात असेल, तर अधिक सावध राहावे. आणि अहवालात वय कमी आले, म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये.

‘फिनोएज’ ज्या नऊ तपासण्यांवर बेतले, त्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतले चार आकडे. त्यांच्या जोडीला रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि गरज असल्यास ब-१२. यातले काही बिघडले असेल, तर काय करायचे हे डॉक्टर सांगू शकतात. ‘जैविक वय ५२’ या आकड्यावर मात्र कोणतेही औषध लिहून देता येत नाही. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते.

मग या संशोधनाचा खरा उपयोग कोणता?

एखादा उपाय चालतो का, हे कळायला आज फार वाट पाहावी लागते. किशोरवयीन मुलींना आज ब-१२ दिले, तर त्यांच्या मुलांना चाळिशीत मधुमेह कमी होतो का, याचे उत्तर मिळायला अर्धे शतक लागेल. इथल्या माणसांवर पारखलेले चांगले घड्याळ असेल, तर त्याचा अंदाज काही वर्षांत येऊ शकेल. गोळीत ब-१२ घालावे का, गरोदर बाईला लावणीच्या कामातून कधी सुटका द्यावी, शाळेच्या आहारात दूध असावे का, असे निर्णय मग नुसत्या मतावर घ्यावे लागणार नाहीत.

राहिला प्रश्न सुरुवातीच्या दोघांचा. हिंजवडीचा अभियंता आणि ताम्हिणीचा शेतकरी यांच्यात म्हातारे कोण, हे आजच्या चाचणीवरून खात्रीने सांगता येणार नाही. त्यांच्या बैठ्या कामाचा, कष्टाचा, झोपेचा आणि तंबाखूचा त्यात वाटा असेलच. पण ४६ वर्षांपूर्वी त्यांच्या आयांच्या ताटात काय होते आणि सातव्या महिन्यात त्या कोणते काम करत होत्या, याचाही असेल. ती नोंद त्या दोघांसाठी कोणी ठेवली नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून ती ठेवली गेली. भारतीयांसाठीचे घड्याळ लावायचे, तर अशाच नोंदींचा आधार घ्यावा लागेल.